कार्यस्थळावरील न्यायाचे गुणात्मक संशोधन

कार्यस्थळावरील न्यायाचे गुणात्मक संशोधन म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसांना मिळणारा मोबदला, त्यांच्याविषयी घेतले जाणारे निर्णय आणि त्यांना दिली जाणारी वागणूक यांतील न्याय-अन्यायाचा मुलाखती, प्रत्यक्ष निरीक्षण, गटचर्चा व दस्तऐवज यांच्या आधारे केलेला अभ्यास होय. व्यवस्थापनशास्त्रात या विषयक्षेत्राला ‘संघटनात्मक न्याय’ असे म्हणतात. या संशोधनाला मुख्यतः दोन ज्ञानशाखांतून सिद्धान्त मिळतात. न्याय्य काय असावे याचा विचार तत्त्वज्ञान करते. माणसांना न्याय्य काय वाटते आणि का वाटते याचा शोध मानसशास्त्र घेते. हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित असले तरी एक नव्हेत. अन्याय सोसणारी व्यक्ती समाधानी असू शकते आणि नियमाला धरून घेतलेला निर्णयही एखाद्याला अन्यायाचा वाटू शकतो. त्यामुळे कोणता सिद्धान्त कोणत्या प्रश्नासाठी वापरायचा, हा या संशोधनातील मूलभूत प्रश्न ठरतो.

संकल्पना व व्याप्ती

कामाच्या ठिकाणच्या न्यायाचे मापन करण्यासाठी प्रश्नावली वापरण्याची पद्धत रूढ आहे. ‘मला मिळणारे वेतन माझ्या कामाच्या प्रमाणात आहे’ यांसारख्या विधानांवर कर्मचाऱ्यांनी सहमती किंवा असहमती नोंदवायची आणि त्यावरून गुणांकन करायचे, असे तिचे स्वरूप असते. किती लोकांना अन्याय जाणवतो, हे अशा पाहणीतून कळू शकते. परंतु तो कोणत्या प्रसंगातून जाणवू लागला, व्यक्ती स्वतःची तुलना कोणाशी करते, ती तक्रार का करते किंवा का करत नाही, हे त्यातून पुरेसे उलगडत नाही. गुणात्मक संशोधनाचा भर या प्रश्नांवर असतो.

येथे भाषेलाही विशेष महत्त्व असते. मराठी भाषक कर्मचारी रोजच्या बोलण्यात ‘न्याय’ हा शब्द क्वचितच वापरतात. ते ‘वशिला’, ‘दुजाभाव’, ‘राबवून घेणे’, ‘हक्काचे पैसे’, ‘मान’ किंवा ‘आमची इथे काही किंमत नाही’ असे बोलतात. यांतील प्रत्येक शब्दप्रयोगामागे न्यायाची वेगळी कल्पना असते. ‘वशिला’ हा आक्षेप निर्णयाच्या पद्धतीवर असतो, ‘हक्काचे पैसे’ हा वाटपावर आणि ‘किंमत नाही’ हा प्रतिष्ठेवर. या शब्दांना घाईने सैद्धान्तिक नावे दिल्यास त्यांतील अर्थच्छटा हरवतात.

मानसशास्त्रीय सिद्धान्त

सापेक्ष वंचितता व समन्याय

दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकी सैनिकांविषयी सॅम्युएल स्टौफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९४९ मध्ये ‘द अमेरिकन सोल्जर’ या नावाने प्रसिद्ध झाला. हवाई दलात बढत्या लवकर मिळत, लष्करी पोलीस दलात त्या उशिरा मिळत; तरीही बढतीच्या संधींविषयी लष्करी पोलीस अधिक समाधानी असल्याचे दिसले. माणसे आपल्या स्थितीचे मोजमाप आसपासच्या लोकांशी तुलना करून करतात, हे ‘सापेक्ष वंचितते’चे तत्त्व यातून पुढे आले.

जॉर्ज होमन्स यांनी १९६१ मध्ये सामाजिक देवाणघेवाणीच्या संदर्भात वितरणात्मक न्यायाची मांडणी केली. त्यानंतर जॉन स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ व १९६५ मधील लेखांत समन्याय सिद्धान्त मांडला. व्यक्ती आपण दिलेले योगदान आणि मिळालेले फळ यांचे गुणोत्तर दुसऱ्या कोणाच्या तरी गुणोत्तराशी ताडून पाहते. ते विषम आढळल्यास तिला अस्वस्थता येते आणि ती दूर करण्यासाठी ती श्रम कमी करते, मोबदला वाढवून मागते, तुलनेचा आधार बदलते किंवा काम सोडते, असे या सिद्धान्ताचे सार आहे. यातील ‘दुसरा कोण’ हा प्रश्न गुणात्मक संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरतो.

प्रक्रिया व वागणूक

जॉन थिबो व लॉरेन्स वॉकर यांनी न्यायालयीन कार्यपद्धतींचा अभ्यास करून १९७५ मध्ये प्रक्रियात्मक न्यायाची मांडणी केली. निर्णय विरोधात गेला तरी आपली बाजू मांडण्याची संधी मिळाल्यास माणसे प्रक्रियेला न्याय्य मानतात, असे त्यांना आढळले. जेराल्ड लेव्हेन्थाल यांनी १९८० मध्ये न्याय्य प्रक्रियेचे सहा निकष दिले: सातत्य, पूर्वग्रहाचा अभाव, माहितीची अचूकता, चूक दुरुस्त करण्याची सोय, संबंधितांचे प्रतिनिधित्व आणि नैतिकता.

रॉबर्ट बिस व जोसेफ मोआग यांनी १९८६ मध्ये आंतरक्रियात्मक न्याय ही संकल्पना मांडली. निर्णय राबवताना माणसांशी कसे बोलले-वागले जाते, याचा विचार तिच्यात होतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी पुढे तिचे आंतरव्यक्तिक न्याय (आदराची वागणूक) आणि माहितीविषयक न्याय (निर्णयाचे प्रामाणिक स्पष्टीकरण) असे दोन भाग केले. ग्रीनबर्ग यांचा १९९० मधील अभ्यास प्रसिद्ध आहे. दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात करण्यात आली. एका ठिकाणी तिची कारणे सविस्तर व सहानुभूतीने सांगण्यात आली, दुसऱ्या ठिकाणी त्रोटकपणे. कपातीच्या काळात दोन्हीकडे चोरीचे प्रमाण वाढले. मात्र त्रोटक स्पष्टीकरण दिलेल्या कारखान्यात ते अधिक होते. कपात सारखीच असताना परिणाम वेगळा झाला, याचा संबंध स्पष्टीकरणाच्या रीतीशी जोडला जातो.

ॲलन लिंड व टॉम टायलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या समूहमूल्य प्रतिमानानुसार, न्याय्य प्रक्रियेतून व्यक्तीला आपण या समूहाचे मान्यताप्राप्त सदस्य असल्याची खूण पटते. रॉबर्ट फोल्जर व रसेल क्रोपान्झानो यांच्या सिद्धान्तानुसार माणूस दोष ठरवताना तीन कल्पना करून पाहतो: वेगळे घडले असते तर बरे झाले असते का, संबंधिताला वेगळे वागता आले असते का, आणि त्याने वेगळे वागायला हवे होते का.

अन्याय न जाणवण्याची कारणे

मेल्विन लर्नर यांच्या मते जग मुळात न्याय्य आहे, ज्याला जे मिळते तो त्याला पात्र असतो, असे मानण्याची माणसाला गरज वाटते. जॉन जॉस्ट व महझरीन बानाजी यांनी १९९४ मध्ये मांडलेला व्यवस्था-समर्थनाचा सिद्धान्त याच्या पुढे जातो. प्रचलित व्यवस्थेत तळाशी असलेले लोकही काही वेळा तिचे समर्थन करतात, असे तो सांगतो. मुलाखतीत ‘आमचे काही म्हणणे नाही’ असे उत्तर मिळाले म्हणजे अन्याय नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे दोन्ही सिद्धान्त संशोधकाला थांबायला लावतात.

तत्त्वज्ञानातील सिद्धान्त

ॲरिस्टॉटल यांच्या ‘निकोमाकीय नीतिशास्त्र’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात वाटपाचा न्याय आणि दुरुस्तीचा न्याय असा भेद केलेला आहे. वाटप पात्रतेच्या प्रमाणात असावे, असे तेथे म्हटले आहे. पात्रता कशी ठरवावी याविषयी मात्र मतभेद असतात, हेही ते नोंदवतात. कार्यालयातील बढतीचा वाद बहुधा याच जागी येऊन थांबतो: ज्येष्ठता, गुणवत्ता की गरज?

जॉन रॉल्स यांनी ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ (१९७१) या ग्रंथात ‘अज्ञानाचा पडदा’ ही कल्पना मांडली. समाजातील आपले स्थान कोणते असेल हे ठाऊक नसताना माणसे जे नियम स्वीकारतील ते न्याय्य, असा तिचा आशय आहे. रॉल्स यांचा विचार समाजाच्या मूलभूत संस्थांविषयी असल्यामुळे तो एखाद्या कंपनीला जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु ‘आपण कोणत्या पदावर असू हे माहीत नसते, तर हा नियम मान्य केला असता का?’ असा प्रश्न चर्चेला उपयोगी पडतो. याउलट रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये वाटप कसे दिसते यापेक्षा ते रीतसर संपादनातून व स्वेच्छेच्या व्यवहारातून झाले आहे की नाही, यावर भर दिला. ‘पटत नसेल तर नोकरी सोडावी’ या युक्तिवादाशी या भूमिकेचे नाते जुळते.

ॲक्सेल होनेथ यांनी अन्यायाचे मूळ मान्यता नाकारली जाण्यात पाहिले. नॅन्सी फ्रेझर यांनी साधनांचे पुनर्वाटप व मान्यता हे दोन्ही पैलू आवश्यक मानले आणि पुढे प्रतिनिधित्व हा तिसरा पैलू जोडला. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ‘ज्ञानविषयक अन्याय’ ही संकल्पना मांडली. सांगणारी व्यक्ती कोण आहे हे पाहून तिच्या शब्दावर कमी विश्वास ठेवणे, हा त्याचा एक प्रकार. आणि आपल्यावर काय ओढवले आहे हे सांगायला समाजात शब्दच नसणे, हा दुसरा. लैंगिक छळ हे फ्रिकर यांनी दिलेले दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे. भारतात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्याच्या निकालात केली आणि २०१३ मध्ये त्याविषयी स्वतंत्र कायदा झाला. त्याआधीही छळ होत होता. तो मांडण्यासाठी सर्वमान्य नाव व यंत्रणा नव्हती.

भारतीय संदर्भातील दोन विचार या क्षेत्रात विशेष महत्त्वाचे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच श्रेणीबद्ध विभागणी आहे, असे प्रतिपादन केले. अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) या ग्रंथात ‘नीति’ आणि ‘न्याय’ या संस्कृत संज्ञांचा आधार घेऊन संस्था व नियमांची योग्यता आणि माणसांच्या प्रत्यक्ष जगण्यात उतरलेला न्याय यांत फरक केला. वंचित माणूस परिस्थितीशी जुळवून घेत आपल्या अपेक्षाच कमी करतो, हेही सेन यांनी दाखवले. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये झालेल्या एका आरोग्यपाहणीत विधवांनी आपल्या प्रकृतीविषयी विधुरांपेक्षा खूपच कमी तक्रारी नोंदवल्या होत्या, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तक्रार कमी असणे हा सुस्थितीचा पुरावा नव्हे, हा त्यातील धडा कार्यस्थळालाही लागू पडतो.

संशोधनप्रक्रियेत सिद्धान्ताचा वापर

प्रश्नांची रचना

सिद्धान्तातील संज्ञा थेट मुलाखतीत वापरणे टाळले जाते. ‘बढतीची प्रक्रिया न्याय्य होती का?’ या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे येते. त्याऐवजी ‘हा निर्णय तुम्हाला कधी व कसा कळला, ते सांगा’ असे विचारल्यास प्रक्रिया, स्पष्टीकरण आणि वागणूक या तिन्हींची माहिती आपोआप येते. जॉन फ्लॅनॅगन यांनी १९५४ मध्ये मांडलेले निर्णायक प्रसंग तंत्रही येथे उपयोगी पडते. त्यात मुलाखत देणाऱ्याला एखादा विशिष्ट प्रसंग क्रमाने सांगण्यास सांगितले जाते.

सिद्धान्त आणि सामग्री

या दोहोंचे नाते मुख्यतः तीन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात सिद्धान्तातून आधीच ठरवलेल्या वर्गांनुसार मुलाखतींचे संकेतन केले जाते. दुसऱ्या प्रकारात सामग्रीतूनच संकल्पना वर येऊ दिल्या जातात. बार्नी ग्लेझर व अँसेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘ग्राउंडेड थिअरी’ ही या प्रकारची प्रमुख पद्धत होय. तिसऱ्या प्रकारात सिद्धान्ताच्या अपेक्षेत न बसणाऱ्या गोष्टींकडे मुद्दाम लक्ष देऊन सामग्री व सिद्धान्त यांच्यात ये-जा केली जाते. हर्बर्ट ब्लूमर यांनी १९५४ मध्ये सुचवल्याप्रमाणे संकल्पना ही काय दिसेल हे सांगणारी नसावी, तर कोणत्या दिशेने पाहावे हे सुचवणारी असावी, हा विचार या तिसऱ्या प्रकाराच्या जवळचा आहे. व्हर्जिनिया ब्रॉन व व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये सांगितलेले आशयसूत्र-विश्लेषण या प्रकारांशी जुळवून घेता येते.

अर्थनिर्णयाचे उदाहरण

पुढील कल्पित विधान पाहावे: ‘बढती मिळाली नाही याचं एवढं वाईट वाटत नाही. पण यादी फलकावर लागली तेव्हाच मला कळलं. वीस वर्षं झाली इथे. कुणी बोलावून सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं?’

ॲडम्स यांच्या चौकटीतून पाहिल्यास येथे वीस वर्षांचे योगदान आणि न मिळालेले फळ दिसते. ग्रीनबर्ग यांच्या वर्गीकरणानुसार स्पष्टीकरणाचा व आदराचा अभाव दिसतो. शेवटच्या वाक्यात फोल्जर व क्रोपान्झानो यांनी वर्णिलेली ‘वेगळे वागता आले असते’ ही कल्पना आहे. होनेथ यांच्या दृष्टीने वीस वर्षांच्या सेवेची दखल नाकारली गेली आहे. ‘एवढं वाईट वाटत नाही’ हे शब्द मात्र कोणत्याच चौकटीत सहज बसत नाहीत. ती खरी अलिप्तता असेल, स्वाभिमान असेल किंवा अपेक्षा सोडून देणे असेल. याचा निर्णय सिद्धान्तावरून करता येत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीलाच पुन्हा विचारावे लागते.

उल्लेखनीय अभ्यास

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲल्विन गोल्डनर यांनी जिप्समची खाण व कारखाना यांचा अभ्यास करून १९५४ मध्ये दोन पुस्तके प्रसिद्ध केली. तेथील जुना व्यवस्थापक कामगारांना बऱ्याच सवलती देई: किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष होई, घरच्या कामासाठी कारखान्यातील साहित्य वापरू दिले जाई. नव्या व्यवस्थापकाने नियमांवर बोट ठेवून या सवलती बंद केल्या. नियमांच्या दृष्टीने त्याचे वागणे चुकीचे नव्हते, तरी कामगारांना तो विश्वासभंग वाटला. पुढे संघर्ष झाला तेव्हा वेतनवाढीची मागणी पुढे आली. सवलतींविषयीची नाराजी उघडपणे मांडण्याजोगी रास्त मागणी मानली जात नव्हती, म्हणून ती वेतनाच्या रूपाने व्यक्त झाली, असा अर्थ गोल्डनर यांनी लावला. मागणीचा मजकूर आणि अन्यायाची जाणीव यांत अंतर असू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मायकेल बुरावॉय यांनी १९७४-७५ मध्ये शिकागो परिसरातील इंजिनांच्या कारखान्यात यंत्रचालक म्हणून काम केले. डोनाल्ड रॉय यांनी सुमारे तीस वर्षांपूर्वी ज्या कारखान्यात काम करून अभ्यास केला होता, तोच हा कारखाना असल्याचे त्यांच्या लक्षात आले. नगावर मोबदला देण्याच्या पद्धतीत ठरावीक उद्दिष्ट गाठणे हा कामगारांसाठी एक खेळ बनतो आणि त्या खेळात रमताना खेळाच्या नियमांनाही त्यांची संमती मिळून जाते, असे त्यांनी ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’ (१९७९) या पुस्तकात दाखवले.

मुंबईच्या गिरणगावाविषयी मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो संघटनात्मक न्यायाच्या चौकटीत लिहिलेला नाही. तथापि गिरणी कामगारांचा इतिहास या चौकटीतून पाहण्यासाठी तो महत्त्वाची सामग्री पुरवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांच्या मागण्यांत वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे यांचाही समावेश होता. या कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच प्रातिनिधिक संघटना मानली जाई. ‘आमच्या वतीने कोणी बोलायचे’ हा प्रश्न लेव्हेन्थाल यांच्या प्रतिनिधित्वाच्या निकषाशी आणि फ्रेझर यांच्या तिसऱ्या पैलूशी थेट जोडता येतो.

याच गिरण्यांच्या इतिहासात तुलनेच्या मर्यादेचेही उदाहरण आहे. अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नाकारला जाई. कांडी संपल्यावर नव्या धाग्याचे टोक धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून इतर कामगार विटाळाचे कारण पुढे करत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न उपस्थित केला. सूतकताई खात्यातील कामगाराने केवळ शेजारच्या यंत्रावरील सहकाऱ्याशी तुलना केली असती, तर दोघांचे वेतन सारखेच दिसले असते. अन्याय दोन खात्यांमधील भिंतीत होता. आणि ती भिंत उभी ठेवण्यात मालकांबरोबर सहकारी कामगारांचाही वाटा होता.

विश्वासार्हता व नैतिक बाबी

यिव्होना लिंकन व एगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनासाठी विश्वसनीयता, अन्यत्र लागू पडण्याची क्षमता, सातत्य आणि पडताळणीयोग्यता असे चार निकष मांडले. न्यायविषयक संशोधनात त्यांना आणखी काही दक्षतांची जोड द्यावी लागते. व्यवस्थापनाच्या परवानगीने आणि त्यांच्याच आवारात घेतलेल्या मुलाखतीत कर्मचारी मोकळेपणाने बोलतीलच असे नाही. लहान कार्यालयात नाव बदलले तरी पद व सेवाकाळ यांवरून व्यक्ती ओळखता येते आणि तिच्या नोकरीला धोका पोहोचू शकतो. संशोधकाची जात, लिंग, वर्ग व भाषा यांचाही सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींवर परिणाम होतो. त्यामुळे आपल्या स्थानाची स्पष्ट नोंद करणे अपेक्षित असते. मराठीत दिलेली मुलाखत इंग्रजी अहवालात उद्धृत करताना मूळ शब्द जपून ठेवल्यास अर्थ पुन्हा तपासता येतो.

टीका व मर्यादा

सिद्धान्ताधारित गुणात्मक संशोधनावर परस्परविरुद्ध बाजूंनी टीका होते. न्यायाचे चार प्रकार हे तयार कप्पे बनतात आणि प्रत्येक तक्रार त्यांपैकी एकात बसवली जाते, हा एक आक्षेप आहे. याउलट, कोणताही सिद्धान्त न घेता केवळ लोकांचे म्हणणे नोंदवल्यास संशोधकाची गृहीतके न तपासताच आत शिरतात, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे.

मानसशास्त्रीय दृष्टिकोनावर असाही आक्षेप घेतला जातो की, न्यायाची जाणीव निर्माण करणे आणि न्याय करणे यांतील फरक त्यात पुसट होतो. गोड शब्दांत समजावून सांगितलेली वेतनकपात ही अखेर वेतनकपातच असते. केवळ तत्त्वज्ञानाच्या आधारे केलेल्या परीक्षणात कामगारांना स्वतःला काय महत्त्वाचे वाटते ते दुर्लक्षित राहण्याचा आणि संशोधकच न्यायाधीश बनण्याचा धोका असतो. म्हणून काही अभ्यासक दोन्ही प्रकारचे निष्कर्ष वेगवेगळे मांडण्याचा आग्रह धरतात: सहभागी व्यक्तींनी काय सांगितले व त्यांना ते तसे का वाटते हे एका ठिकाणी, आणि त्या परिस्थितीचे संशोधकाने कोणत्या तत्त्वाच्या आधारे मूल्यमापन केले हे दुसऱ्या ठिकाणी. अशा मांडणीमुळे वाचकाला कामगारांचे म्हणणे स्वीकारून संशोधकाचा निष्कर्ष नाकारण्याची, किंवा याउलट करण्याची मुभा राहते.